दीड चमचा मीठ

बरासाच्या आईने चौथ्यांदाही पहिला धडा सोडून खालच्या धड्यावर बोट ठेवलं, तेव्हा सिमियूने हातातलं पेन टेबलावर टाकलं.

सोमवारी त्याने बनवलेलं हे शोधाचं पान केनियातल्या काकामेगा जिल्ह्याच्या सगळ्या आरोग्यसेविकांच्या फोनवर जाणार होतं. काही शोधलं की आरोग्याच्या साइटवरच्या धड्यांची यादी यावी, आणि भरवशाचा कोणता ते एका नजरेत कळावं, म्हणून त्याने प्रत्येक धड्याखाली लिहिणारीचं नाव, साल आणि वाचणाऱ्यांनी दिलेले तारे मांडले होते. सकाळपासून चार सेविकांनी डोळे मिटून पहिला धडा निवडला. ही पाचवी मात्र अडून बसली. थोरल्या बाईला नाव कोण विचारतं; चाचणीच्या कागदावरही त्याने 'बरासाची आई' एवढंच लिहिलं होतं.

"आई, नीट दिसतंय ना? चष्मा पुसून देऊ?"

"दिसतंय रे. जुलाब झालेल्या बाळासाठी मीठ-साखरेचं पाणी. परपेचुआ नेकेसा." तिचं बोट त्या नावावर जरा रेंगाळलं. "हा नको."

"अहो, चारशे जणींनी पाच-पाच तारे दिलेत."

"त्यातल्या एकीनं तरी पाणी करून चाखलं का? लिटरभर पाण्याला अर्धा चमचा मीठ. इथं दीड लिहिलंय. आमच्या गावात एका बाळाला पाजलं तसलं. वाचलं, देवाची कृपा."

"मग साइटवाल्यांना कळवायचं."

"तीनदा कळवलं. कोण ऐकतंय?"

सिमियू पुरता गोंधळला. तारे खोटे नव्हते, नाव खरं होतं, तरी त्याचं पान धडधडीत चुकीचं सांगत होतं. नेमकं कुठे चुकलं ते काही केल्या कळेना, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

बरासाच्या आईने मंदाझीचा, तळलेल्या गोड पावाचा, तुकडा चहात बुडवला. "एक सांग बाळा. लिहिणारीलाच आपली चूक कळली, तर ती सांगायला तुझ्या पानावर जागा कुठंय?"

तो हसला. "आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेईल, आई?"

ती उरलेली मंदाझी रुमालात बांधून उठली.

"थांबा, कागदावर सही राहिली."

तिने चष्मा सावरला, पेन उचललं आणि सावकाश, ठळक अक्षरांत सही केली: परपेचुआ नेकेसा.