चिंचेखालची ठणठण

हुकुमचंदनं पान्यानं लोखंडी पाइपावर ठण ठण ठोकलं आणि वाकून व्हॉल्व्हचं चाक फिरवलं.

"गुंड लावा वो, पाणी सोडून राहिलो!"

फुलचूरच्या त्या घरकुल वसाहतीत सकाळ अशीच सुरू होई. ठणठण ऐकली की बाया बकेटा आणि पाणी भरायचे गुंड घेऊन नळावर येत. नळ आधी खोकल्यासारखा आवाज करी, हवा सोडी, मग धार लागे. अलीकडे पाणी यायला जरा वेळ लागत होता. चाक मात्र फार सहज फिरे. पूर्वी दोन्ही हात लावावे लागत, आता एकच पुरे. म्हातारपणीही मनगटात जोर आहे, या विचारानं हुकुमचंदला बरं वाटे.

बरं वाटायला तेवढंच उरलं होतं. वसाहत बसली तेव्हापासून मोटर, गटारं, गल्लीतले दिवे, सगळं त्यानं सांभाळलं. मग वय झालं म्हणून त्याला घरी बसवलं आणि लोकेंद्रला आणलं. त्याच उन्हाळ्यात नवी उंच टाकी झाली. हुकुमचंदकडे राहिला तो फक्त चिंचेखालचा हा व्हॉल्व्ह. "तो तुमच्याच हातचा, काकाजी," असं लोकेंद्रनंच सांगितलं होतं. जेवण झाल्यावर उरलेली भाकर पुढे सरकवावी, तसं तेव्हा हुकुमचंदला वाटलं. पण पाना त्यानं सोडला नाही.

त्यानं टाकीकडे पाहिलं. लोकेंद्र रोजच्यासारखा तिथं मोटारसायकल टेकवून बसलेला. ठणठण झाली की तो मोबाइलवरचं गाणं बंद करी आणि उठून टाकीमागे जाई. आत्ताही गेला.

"पाहा," हुकुमचंद नळावर आलेल्या दुर्गेश्वरीला म्हणाला, "पाणी मी सोडतो अन् साहेब मागं जाऊन बिडी फुकते."

दुर्गेश्वरीनं मान खाली घालून गुंड विसळला. "राहू द्या जी, काकाजी."

राहू द्या! सगळ्यांना त्याचाच पुळका.

दुपारी लोकेंद्र गटारात उतरून गाळ उपसत होता. हुकुमचंद काठावर उभा राहिला.

"फावडं असं नाही धरत बे. खाज येऊन राहिली का गटाराले?"

"मग कसं धरू? दाखवा जी."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचं ते शांत विचारणंच हुकुमचंदला जास्त झोंबलं. त्यानं फावडं हिसकावलं, चार घाव घातले आणि धाप लागल्यावर परत दिलं.

तेवढ्यात दुर्गेश्वरी चहा घेऊन आली. कप दोन होते. पहिला लोकेंद्रच्या हातात गेला. या गल्लीत पहिला कप कोणाचा असे, हे ती विसरली होती.

"लोकेंद्रनं काल गल्लीतला दिवा लावला, काकाजी," ती कौतुकानं सांगू लागली. "आता आमच्या रिंकीले क्लासवरून याले भेव नाही लागत."

"दिवा लावणं का मोठं काम हाय?" हुकुमचंद उसळला. "पाणी नसन तं काय उजेड प्याल?"

लोकेंद्र हसला. "बरोबर हाय काकाजी. पाण्याशिवाय काई नाही."

त्या हसण्यानं हुकुमचंद आणखीच जळला. चहा न पिताच तो निघाला. आज संध्याकाळी पाणी सोडायचं नाही, हे त्यानं वाटेतच ठरवलं. या वसाहतीला पाणी कोण देतो, ते एकदा सगळ्यांना कळलंच पाहिजे.

संध्याकाळी त्याची बायको धनवंता सुपात तांदूळ निवडत होती. तिनं दोनदा दाराकडे पाहिलं.

"वेळ झाली जी. जाऊन नाही राहिले?"

"नाही."

"कायले?"

"त्याचं राज्य हाय नं? सोडू दे त्याले."

धनवंतानं टाकीच्या दिशेनं एक नजर टाकली आणि ती पुन्हा सुपात खडे शोधू लागली.

बाहेर रिकाम्या बकेटांचा आवाज वाढला. हुकुमचंदनं दाराच्या फटीतून पाहिलं. नळ कोरडा. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या. आणि टाकीजवळ लोकेंद्र! गाणं बंद, मान लांब करून चिंचेकडे पाहत येरझारा घालत होता. हुकुमचंदला असा आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

थोड्या वेळानं रिंकी धावत आली. "काकाजी, बरे आहा नं? लोकेंद्रभाऊनं पाह्याले पाठवलं."

"पाणी आलं का?"

"नाही जी. तुमी ठणठणच नाही केली."

"त्याले म्हणा, तूच सोड."

"तो म्हणते, काकाजीशिवाय नाही होत."

"असं म्हणते?"

"हो जी. तब्येत बरी नसन तं डॉक्टरले आणतो म्हणते."

हुकुमचंद उठला. धुतलेला सदरा घातला, पाना खांद्यावर टाकला आणि सगळ्या गल्लीला दिसेल अशा बेतानं सावकाश निघाला. टाकीजवळ तो मुद्दाम थांबला.

"काऊन बे, समजलं?"

"समजलं, काकाजी," लोकेंद्र खाली मान घालून म्हणाला. "आता चाला. बाया खोळंबल्या."

चिंचेखाली हुकुमचंदनं ठण ठण ठोकलं. एवढ्या जोरात आजवर कधी ठोकलं नव्हतं. चाक एका हातानं फिरवलं. नळ खोकला, हवा सुटली आणि धार लागली. बायांचा गलका उठला. "काकाजीचा हातच तसा!" दुर्गेश्वरी ओरडली.

हुकुमचंद चिंचेच्या मुळीवर बसला. मनातलं जळणं एकाएकी विझल्यासारखं झालं. पोरगा वाईट नाही, त्याला वाटलं. शिकवलं तर शिकेल. उद्या बोलावून व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते दाखवू.

टाकीमागे लोकेंद्रनं नव्या लाइनचं जड चाक दोन्ही हातांनी शेवटपर्यंत उघडलं आणि कपाळावरचा घाम पुसला. चिंचेखालची जुनी लाइन टाकी झाली त्याच उन्हाळ्यात त्यानं कापली होती आणि वर माती लोटली होती.