बळगाचा इतिहास

दाक्षायणीनं आवाज टिपायला फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, आता सांगा. अगदी पहिल्यापासून."

चन्नवीर अंगडींनी घसा खाकरला. गुळेदगुड्डला तिप्पण्णांच्या खणांच्या दुकानामागं, हातमागांच्या खोलीत दर गुरुवारी गावातली लिहिणारी माणसं जमायची. गुरुवार बळग, म्हणजे गुरुवारचा गोतावळा. यंदा बळगाला पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती, तिचं काम दाक्षायणीकडं होतं, आणि पहिल्या मंडळींपैकी दोघंच उरले होते. एक चन्नवीर. ते तरुणपणीच गाव सोडून बागलकोटला गेले, तिथं कापडाचं दुकान काढलं, आणि तेव्हापासून या खोलीत आजच आले होते. दुसरे बसलिंगप्पा मास्तर. त्यांना सूनबाईंनी हात धरून आणून खुर्चीत बसवलं होतं. मास्तरांना आता माणसं ओळखू येत नव्हती. चन्नवीर पाया पडले तेव्हा त्यांनी अदबीनं विचारलं होतं, "आपण कुठल्या गावचे?"

चन्नवीर सांगत गेले. तेव्हा बैठकीआधी मागांवर जुनी लुगडी टाकायचे, कारण कापसाची तूस चहात पडायची. तिप्पण्णांची बायको गंगव्वा आत चुलीपाशी चुरमुऱ्यांचं गिरमिट करायची आणि कोणी पुटपुटत वाचलं की आतूनच ओरडायची, मोठ्यानं वाचा, आम्हाला काय कान नाहीत का. मास्तर डोळे मिटून ऐकायचे. कविता पसंत पडली नाही की मधेच पानाचा डबा उघडायचे. डब्याचं झाकण वाजलं की वाचणाऱ्याचा आवाज बसायचा. समोर बसलेली बळगातली पोरंपोरी हसली. मास्तरही हसले, दुसऱ्या कोणाची तरी गंमत ऐकल्यासारखे.

"आणि काका, तुम्ही लिहिणं का सोडलंत?" दाक्षायणीनं विचारलं.

धंद्यात वेळच मिळाला नाही, असं चन्नवीर म्हणाले.

तसं नव्हतं. त्यांनी या खोलीत एक गोष्ट वाचली होती. त्यांची थोरली बहीण परजातीतल्या मुलाबरोबर निघून गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी. बहिणीचं सगळ्या गावाला माहीत होतं. गोष्ट संपल्यावर मास्तरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अशी आई या गावात नाही. कुठल्या पुस्तकात भेटली तुला?" खोलीभर हशा पिकला. चन्नवीर उठून आत गेले, कागद गंगव्वाच्या चुलीत घातले आणि मागच्या दारानं निघून गेले. नक्कल ठेवलेली नव्हती. पुढं दुकान, संसार, मुलांची लग्नं. वाक्यं एकेक करून विसरली. एक गोष्ट लिहिली होती, एवढंच लक्षात राहिलं.

दाक्षायणी पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात मास्तर बोलायला लागले.

"नीलव्वाचा माग कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचा," ते म्हणाले. "शेजारीपाजारी त्या आवाजावर उठायचे."

सगळ्यांना वाटलं, मास्तर जुन्या गावाची आठवण सांगताहेत. सूनबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, पण ते थांबले नाहीत. नीलव्वाची मुलगी घर सोडून गेली. नवऱ्यानं बजावलं, तिचं नाव घरात काढायचं नाही. नीलव्वानं नाव काढलं नाही. दर दिवाळीला एक खण जास्तीचा विणायचा, मुलीच्या ओटीचा, आणि नवऱ्याला न सांगता पेटीत टाकायचा, एवढंच ती करत राहिली.

चन्नवीरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. वाक्यं त्यांचीच होती. विसरलेली, पण कानावर पडताच ओळखू येणारी. ज्या माणसाला सूनबाईंचं नाव सांगता येत नव्हतं, तो एकही शब्द इकडचा तिकडं न करता बोलत होता.

"एका दुपारी मुलगी आली," मास्तर म्हणाले. "पोट पुढं आलेलं. दारातच उभी राहिली, आत यायचा धीर होईना. नीलव्वानं माग थांबवला नाही. मान वर केली नाही. म्हणाली, आत ये, तुझ्यामुळं उजेड अडतोय."

गोष्ट तिथंच संपली. कडेला बसलेल्या एका मुलीनं ओढणीनं डोळे पुसले.

दाक्षायणीनं हळूच विचारलं, "मास्तर, ही तुमची गोष्ट? स्मरणिकेत तुमच्या नावानं छापू?"

"माझी नाही, पोरी. मला कुठलं असलं सुचायला. इथं एक पोरगा यायचा, त्याची." मास्तर जरा आठवू लागले. "काळासावळा. माझ्या घरी अशीच आई होती, पण त्याला तसं बोललो नाही. मग तो यायचाच बंद झाला."

"त्याचं नाव काय, मास्तर?"

मास्तरांनी खूप प्रयत्न केला. ओठ हलले, नाव आलं नाही. मग ते चन्नवीरांकडं वळले. "तुम्ही जुने दिसता. तुम्हाला ठाऊक असेल. कुठं असतो तो?"

सगळे चन्नवीरांकडं बघू लागले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

"इथंच असतो," ते म्हणाले. "येईल तो, मास्तर. पुढच्या गुरुवारी येईल."

"येऊ दे," मास्तर म्हणाले. "पण त्याला सांगा, नवीन लिहून आण म्हणावं. ही ऐकलीय मी."