करडी माशी

हिमाचलातल्या तीर्थन नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून दिगंबरराव सकाळपासून गळाला लाल पिसांची नकली माशी बांधून फेकत होते. ट्राउट मासे वर येऊन काहीतरी टिपत होते, पण त्यांच्या गळाकडे एकही फिरकत नव्हता.

काठावर विणत बसलेल्या त्यांच्या पत्नीच्या, मालिनीबाईंच्या, शालीवर एक मेफ्लाय, नदीकाठची नाजूक पाणमाशी, उतरली. त्यांनी ती निरखून पाहिली. शिडासारखे उभे, धुरकट पंख. हिरवट अंग. शेपटीला दोन बारीक केस.

“अहो, मासे हिला खातायत. नकली माश्यांच्या डबीतली ती इवलीशी करडी माशी लावा.”

“इतकी वर्षं नुसती बघत बसलीस, तुला काय कळतंय? वीण तू.”

मालिनीबाईंनी सुया खाली ठेवल्या. सलवार वर दुमडून त्या बर्फगार पाण्यात उतरल्या, नवऱ्याच्या हातातून गळाची काठी घेतली आणि करडी माशी स्वतः बांधली.

पहिल्याच फेकीला दोरी ताणली. मासा चमकून उसळला आणि सुटला.

“झालं समाधान? आण इकडे.” दिगंबररावांनी हात पुढे केला.

मालिनीबाईंनी काठी घट्ट धरली. माशाने दिलेला तो हिसका त्यांना पुन्हा हवा होता.

“काठी नाही मिळायची,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जाळी धरा.”