लाल शेरा

परदेशातल्या शाळेत बाईंचं हे सहावं वर्ष. करार वाढवायचा की गाशा गुंडाळायचा, ते आज चारच्या आत मुख्याध्यापकांना लेखी कळवायचं होतं.

सकाळी फोनवर आई म्हणाली, "दरवर्षी येते येते म्हणतेस. यंदा तरी नक्की ना गं?"

"हो गं आई," म्हणत बाईंनी फोन ठेवला आणि बसल्या जागी पत्र खरडलं: करार नको, आता आईजवळ राहायचं आहे. मग मुलांचे निबंध पुढ्यात ओढले. डोकं बधिर होतं, पेन आपलं चालत होतं.

पावणेचारला पत्र शोधलं, तर ते निबंधांच्याच गठ्ठ्यात सापडलं. तपासून झालेलं.



खाली त्यांच्याच अक्षरात लाल शेरा होता: "मनापासून लिहिलेलं वाटत नाही. पुन्हा लिहून आणणे."