खोक्यातलं लाडकं माणूस

"ह्या खोक्यात जेजूच्या, म्हणजे येशूच्या, सगळ्यांत लाडक्या माणसाचें तोंड आसा," सिस्टर फिलोमेना म्हणाली आणि घरापुढच्या ओसरीत, बाल्कांवात, शनिवारच्या शिकवणीला बसलेल्या अकरा पोरांचे अकरा आ वासले.

खोकं तसं साधंच, बुटांचं. सिस्टरने वरून सोनेरी कागद डकवला होता आणि आत तळाला जत्रेत मिळतो तसला चौकोनी आरसा चिकटवला होता. एकेकाने यायचं, झाकण उघडून बघायचं, कोण दिसलं ते सिस्टरच्या कानात सांगायचं आणि गपचूप जागेवर जायचं.

गपचूप कसलं डोंबलाचं! पहिल्याच फेरीत प्रज्योत आत डोकावला आणि कानबीन विसरून ओरडला, "हांव!" मीच! मग गुपित कुठलं राहायला? पण गुपित फुटलं म्हणून कुणाची हौस काही फिटली नाही. पूजाने खोक्यात बघून भांग सारखा करून घेतला. शंभू तर दुसऱ्यांदा रांगेत घुसला. आपणच जेजूचे लाडके, हे प्रत्येकाने बघताक्षणी मान्य करून टाकलं.

सिस्टर हसत होती, पण तिचा सगळा जीव भिंतीकडच्या चटईवर लागला होता. तिथे सिद्धी एकटी बसली होती, डावा तळवा गालाला लावून. हा सगळा घाट तिच्यासाठीच तर घातला होता.

सिद्धी आठ वर्षांची, खाणीवर ट्रक चालवणाऱ्या जयरामची धाकटी. सावंतवाडीकडून पोटासाठी गोव्यात आलेलं घर. सिद्धीच्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत कोड. चिकटतं म्हणून वाड्यावरची पोरं तिला आपल्या चटईवर घेत नसत. तिची आई सुमंगला एकदाच सिस्टरांच्या दारापर्यंत आली होती, तीही पदर सावरत पायरीच्या खालीच उभी राहिली. "शिकवा काय शिकवचा तां," ती म्हणाली होती. "फोटोत तेवडी उभी करू नकात. मोठ्या चेडवाचा लगीन जमवचा हा." बघायला पाहुणे आले की सिद्धीला मागच्या दाराने शेजाऱ्यांकडे पाठवत. घरातला आरसा सिद्धीला दिसू नये इतका उंच टांगलेला. वेणी आईच घालायची.

वर्षभर दर शनिवारी सिस्टरने तिला सांगितलं होतं, देवाने तुला स्वतःसारखी केली आहे, तो कुणालाच घाईघाईत उरकत नाही. सिद्धी ऐकायची, मान हलवायची आणि गालावरचा हात तिथेच ठेवायची. सिस्टर जेवताना त्या हाताचा विचार करी, प्रार्थनेला बसली तरी त्याचाच. सोमवारपासून तिची बदली झाली होती, मडगावला. म्हणजे हा शनिवार शेवटचा.

"सिद्धी, यो गो बाय."

पोरं पटापट बाजूला सरली. सिद्धी उठली, खोक्यापाशी आली. आणि झाकण उघडायला दोन्ही हात लागतात ना, म्हणून गालावरचा हात खाली आला. सिस्टर पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिचे दोन्ही खांदे हलकेच धरले.

सिद्धीने झाकण काढलं. खोकं छातीशी घेतलं, किंचित उजवीकडे कलतं केलं आणि आत बघितलं. बघत राहिली. इतका वेळ तर कुणीच बघितलं नव्हतं. मग ती चक्क हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

"कोण दिसलें?" सिस्टरने विचारलं.

"तुमी," सिद्धी म्हणाली.

सिस्टरला आधी कळलंच नाही. तेवढ्यात पुढे बसलेला प्रज्योत हसायला लागला. "तिना आरसो वाकडो धरल्यान, सिस्टर! आमच्या बसच्या काचेकडेन पण ती अशीच करता."

खरंच होतं ते. आरसा किंवा मान किती अंश वळवली की आपण वगळले जातो आणि मागचं माणूस दिसतं, हे त्या पोरीला नेमकं ठाऊक होतं. दुकानाची काच, विहिरीचं पाणी, बस ड्रायव्हरचा आरसा, सगळ्यांवर तिचा हात बसलेला होता.

तिथेच थांबायला हवं होतं. "बरें" म्हणून तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण शनिवार शेवटचा होता. सिस्टरने खांद्यांवरचे हात पुढे नेले, सिद्धीच्या हातांवर ठेवले आणि खोकं हळूच, अगदी मायेने, सरळ केलं.

"आतां पळय, बघ. आतां कोण?"

सिद्धीचे हात लाकडासारखे ताठ झाले. तिने मान वळवली नाही, खोकंही सोडलं नाही. सिस्टरला काय ऐकायचंय ते तिला केव्हाच कळलं होतं.

"मी," ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट.

पोरांनी टाळ्या पिटल्या. सिस्टरचा ऊर भरून आला. तिने पोरीच्या डोक्यावरून वाकून खोक्यात बघितलं.

आरशात सिद्धीचा सबंध चेहरा होता. दोन्ही डोळे गच्च मिटलेले.