विम्याचं गिऱ्हाईक

व्हर्नाचं घर विकायचं जवळजवळ ठरलं होतं. एवढ्यात तिला खुर्चीत जाग आली, म्हणून काहीच ठरलं नाही. "वृद्धाश्रमाचा खर्च कसा भागवायचा, एवढंच बघत होतो, आई," मुलगा डॉयल म्हणाला. लेक लॉर्ना गोळ्यांच्या डबीकडे पाहत होती. बाबा गेल्यापासून आईने ती उघडलीच नव्हती. "घर गहाण टाकूया?" लॉर्नाने विचारलं. "छप्पर गळतंय, बँक हसेल," व्हर्ना पुटपुटली. "मग तुझी आयुर्विम्याची पॉलिसी विकू," डॉयल म्हणाला. "घेणारा आत्ता पैसे देईल, तू गेल्यावर विम्याची रक्कम त्याची." "म्हणजे मी जितकी टिकेन, तितका त्याचा तोटा?" व्हर्ना ताठ बसली. "कोण टपून बसलंय?" "फ्लोरिडातला एक दंतवैद्य," गिऱ्हाईक आधीच शोधून ठेवलेला डॉयल म्हणाला. तिने डबी ओढली, आजच्या गोळ्या गिळल्या आणि करारात शेवटचं कलम घालायला लावलं: 'विक्रेतीच्या शंभराव्या वाढदिवसाला खरेदीदाराने स्वखर्चाने केक घेऊन हसतमुखाने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.'