पुलाखालचा गाळ

खलातला गाळ पिठासारखा मऊ झाला, तसा तिनं तो चाळून डबीत भरायला घेतला. भट्टीत वाळून गाळ इतका हलका झाला होता की नुसत्या श्वासानंही उडत होता. तिनं मास्क नाकावर घट्ट दाबला.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई किरणं मोजायचं हातातलं यंत्र भरलेल्या डब्यांवरून फिरवत येत होत्या. त्यांना मागं सगळे ‘दशांशबाई’ म्हणत. टिंबापुढचे आकडे पाहिल्याशिवाय त्या भूक लागल्याचंही कबूल करणार नाहीत. यंत्र नेहमीसारखं अधूनमधून टिकटिकत होतं. तिच्या डबीपाशी आलं आणि सलग वाजू लागलं.

बाईंनी यंत्र बाजूला नेलं. आवाज मंदावला. परत आणलं. पुन्हा तेच.

“हा कुठला?”

“जुन्या पुलाखालचा.”

पुलाला लागून विहीर होती आणि विहिरीला लागून तिचं माहेर.

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. मग त्या सावकाश समजावू लागल्या. हातातल्या यंत्राचं खरं धरायचं नाही. डबीचं वजन करायचं, झाकण चिकटवायचं, गाळातून सुटणारा वायू आत साठून स्थिरावेपर्यंत तीन आठवडे ती तशीच ठेवायची आणि मगच खालच्या खोलीत किरणं मोजायची. तोवर बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मागच्या खेपेला नुसत्या संशयावरून अख्खी वस्ती बिऱ्हाड उचलून पळाली होती आणि शेवटी काहीच निघालं नव्हतं.

ती मान हलवत राहिली. डबी काट्यावर ठेवली, पण आकडा ठरेना. खाली-वर, खाली-वर.

“टेबलावरचा हात काढ,” बाई म्हणाल्या.

तिनं हात पदरात गुंडाळून घेतला. आकडा ठरला. तिनं तो डबीवर लिहिला, झाकणाच्या कडेला डिंक लावला, वरून चिकटपट्टी फिरवली. डबी कपाटात ठेवताना तिला ती उगाचच कोमट वाटली.

“मी जरा बाहेर जाऊन येते,” ती म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं नाही. “जा,” एवढंच म्हणाल्या, आणि पुढची डबी उचलली.

जिन्याखाली उभं राहून तिनं माहेरी फोन लावला. आईनं उचलला, जेवलीस का म्हणून विचारलं. तिनं ते ऐकलंच नाही.

“आई, आजपासून विहिरीचं पाणी कुणी पिऊ नका. स्वयंपाकालाही नको. का ते आत्ता सांगता येत नाही.”

आईचा आवाज फोनपासून लांब गेला. आठवा महिना लागलेल्या सुनेला ती म्हणत होती, “अगं, तो पेला ठेव खाली.”

“संपलं की, आई,” वहिनीचा आवाज आला. “तुम्हालाही आणू का?”